दहाजणांची बाटली

रंभाचा फोटो हॉस्पिटलच्या ऑफिसात, सेक्रेटरींच्या खुर्चीमागे लावला होता, आणि रोज सकाळी त्याची काच पुसायचं कामही रंभाकडेच होतं. फोटो चांगला मोठा, रंगीत. त्यात रंभा स्टुलावर बसलेली, हिरवं लुगडं, गळ्यात सोन्याचे मणी, ब्लाउजची बाही वर सारलेली. शेजारी शशिकला सिस्टर तिच्या दंडाला सुई लावून उभी. मागे हसणारे चार पुरुष, आणि त्यांच्या बरोबर मधोमध सेक्रेटरी कमलाकरराव. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं, ‘रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना कावीळ प्रतिबंधक लस’.

सगळं खरं होतं. लुगडं खरं, मणी खरे, हसणं तर फारच खरं. फक्त रंभाला लस मिळाली नव्हती.

ही सत्याण्णव सालची गोष्ट. पुण्याला जायला तेव्हा जुना हायवेच होता, आणि पनवेलजवळ त्यावर रोज काही ना काही आपटत असे. हॉस्पिटल एका ट्रस्टचं, हायवेला लागून. तळोज्याच्या एका कारखान्याने त्यांना अँब्युलन्स दिलेली. गाडी गणू चालवायचा, उरणकडचा कोळ्याचा पोरगा, तिशीतला. त्याच्या शेजारी बसायची रंभा. कागदावर ती आया होती. प्रत्यक्षात पत्रा वाकवून माणूस बाहेर काढण्यापासून ते रस्त्यावर पडलेली चप्पल ज्याची त्याच्या पायाशी आणून ठेवण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. अकरा वर्षं ती हे करत होती. फोन वाजला की हातातला घास ताटात टाकून उठायचं, ही तिची सवय. एवढ्या वर्षांत तिने फोनला दुसऱ्यांदा वाजू दिलं नव्हतं, असं गणू सांगायचा, आणि त्यात फारशी थाप नव्हती.

गाडीवर नसेल तेव्हा तिला ग्लोव्हजचं काम. ऑपरेशन थिएटरमधले रबरी हातमोजे त्या काळी एकदा वापरून कुणी फेकत नसे. ते धुवायचे, मागच्या दोरीवर वाळत घालायचे, पावडर लावायची, मग एकेक फुगवून गालाजवळ धरायचा. गालाला हवा लागली की समजायचं, भोक आहे. धडके मोजे थिएटरला परत जायचे. भोक पडलेल्यांची वेगळी पुरचुंडी बांधायची आणि तिच्यावर चिकटपट्टीने चिठ्ठी लावायची, ‘गाडी’. म्हणजे चार दिव्यांच्या उजेडात, धुतलेल्या पोटावर काम करणाऱ्याला धडका मोजा, आणि रस्त्यावर काचांच्या खचात हात घालणाऱ्याला फाटका. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पाळत सगळे होते, आणि सगळ्यांत इमानाने पाळत होती रंभा. स्वतःच्या गालाने भोक शोधायचं आणि तोच मोजा स्वतःच्या हातात चढवायचा. माणसाला सवय लागली की अन्यायसुद्धा दोरीवर वाळत घातल्यासारखा रोजचा होऊन जातो.

दोन वर्षांपूर्वी गणूच्या आधीचा ड्रायव्हर, गुरुदत्त, काविळीने गेला. आधी डोळे पिवळे झाले. घरच्यांनी गळ्यात काविळीची माळ घातली, तेल-तूप बंद केलं, उसाचा रस पाजला. हॉस्पिटलात सगळ्यांना वाटलं, पाण्यातून झाली असणार. मग कर्मचाऱ्यांसाठी पाणी उकळून ठेवायचा हुकूम निघाला, आणि रंभाने वर्षभर भलंमोठं पातेलं रोज उकळलं. गुरुदत्तच्या पोटात पाणी झालं, तो महिनाभर वॉर्डात पडून होता, आणि शेवटी शुद्धीत नव्हता. तो गेल्यावर कमलाकरराव ऑफिसात सहज बोलून गेले की ड्रायव्हर लोकांचं असंच, पिण्यावर ताबा नसतो. गुरुदत्त माळकरी होता. त्याने आयुष्यात ताडीच्या माडाखाली सावलीलासुद्धा उभं राहून पाहिलं नव्हतं. ते वाक्य रंभाने चहाचा ट्रे हातात धरून ऐकलं होतं, आणि ट्रे न आपटता टेबलावर ठेवला होता. त्या गप्प बसण्याचा राग तिला अजून येत असे.

मग डॉक्टर सत्यजीत आले. तरुण, बारीक, कॅज्युअल्टीचे नवे डॉक्टर. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पुरचुंडीवरची चिठ्ठी वाचली आणि हे काय आहे म्हणून विचारलं. रंभाने सांगितलं. नंतर त्यांनी तिला आणि गणूला बाकावर बसवून समजावलं. गुरुदत्तची कावीळ बहुतेक पाण्याची नव्हती, रक्ताची होती. सुई टोचली, काच लागली, बोटाच्या चिरेत दुसऱ्याचं रक्त गेलं की होते ती. एड्स जसा पसरतो तशीच, पण त्याहून कितीतरी लवकर.

“एड्सची साथ जगभर आहे आणि तिला लस नाही,” डॉक्टर म्हणाले. “या काविळीला आहे. तीन सुया. आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तुम्हा दोघांना ती सगळ्यांत आधी मिळायला हवी.”

डॉक्टरांनीच कारखान्याला पत्र लिहिलं. कारखान्याने लस पाठवली, सोबत कागद की ही प्रामुख्याने अँब्युलन्सवरच्या आणि सफाईच्या माणसांसाठी. लस दहा-दहा जणांच्या बाटल्यांत यायची. बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून दहा माणसं जमली की उघडायची, हा नियम. नियम वाईट नव्हता. वाईट होते ते नियम हातात धरणारे.

समारंभ ठरला. हार, नारळ, फोटोग्राफर. नेमके त्या दिवशी डॉक्टर सत्यजीत बहिणीच्या लग्नाला गावी गेलेले. कमलाकररावांना फोटोसाठी रंभाच हवी होती, कारण लुगड्यातली कोळीण फोटोत बरी दिसते. तिला स्टुलावर बसवलं. सिस्टरने सुई दंडाला लावली, फोटोग्राफरचा फ्लॅश दोनदा फुसका निघाला, तिसऱ्यांदा लखकन उजेड पडला, सगळे हसले. आणि तेवढ्यात फोन वाजला. कळंबोलीच्या लोखंड बाजारापाशी ट्रकने रिक्षा चिरडली होती. रंभा उठली, गणू उठला, सफाईवाला काशिराम स्ट्रेचरला हात द्यायला त्यांच्याबरोबर धावला. कमलाकरराव मागून म्हणाले की या जाऊन, तुमची लस कुठे पळत नाही.

लस पळाली. तीन तासांनी ते परत आले तेव्हा बाटली रिकामी होती. दोन बडे डॉक्टर, तीन ट्रस्टी, ऑफिसातले दोन कारकून, कमलाकरराव, त्यांच्या मिसेस, आणि पुण्याहून चार दिवसांसाठी आलेली त्यांची सून अरुंधती. बरोब्बर दहा. बाटली उघडली होती, वाया कशी घालवणार? सिस्टरने रंभाकडे न बघता सांगितलं की पुढच्या वेळी. पण यादीत पहिलं नाव रंभाचंच होतं, दुसरं गणूचं, तिसरं काशिरामचं, आणि तिन्ही नावांपुढे बरोबरची खूण झालेली होती. पुढच्या आठवड्यात फोटो गावच्या साप्ताहिकात आला. त्याचा मोठा करून एक कारखान्यात गेला, एक कमलाकररावांच्या खुर्चीमागे. कोळीवाड्यात बायांनी रंभाला फोटोवरून चिडवलं, आणि खोटं कशाला बोला, तिला बरंही वाटलं. लस राहिली ती पुढच्या महिन्यात मिळेल, असं ती धरून चालली. डॉक्टरांना तिने सांगितलं नाही. चुगली केल्यासारखं वाटलं असतं.

समारंभानंतर तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, पालस्पे फाट्यावर टेम्पो आणि ट्रक समोरासमोर आले. ट्रकचा ड्रायव्हर स्टिअरिंगमागे अडकलेला. क्रेनवाल्या हितेशने केबिनचा पत्रा ओढला आणि रंभाने आत हात घालून माणूस खेचला. फाट्यावरच्या एका दवाखान्यातल्या कुणी भल्या माणसाने जागेवरच त्याला इंजेक्शन देऊन सुई तशीच त्याच्या अंगावरच्या घोंगडीत टाकली होती. गाडीत त्याला आडवा करताना ती सुई रंभाच्या उजव्या तळहातात शिरली. मोजा होता, पण तो तिच्याच पुरचुंडीतला. सुईने तसाही धडक्या मोज्याला कितीसा मान दिला असता म्हणा. रंभाने सुई उपटली, हात पाण्याखाली धरला आणि ड्रायव्हरच्या डोक्याखाली उशी सरकवली.

दुपारी त्या ड्रायव्हरला ऑपरेशनला घ्यायचं म्हणून त्याचं रक्त तपासलं. चार वाजता डॉक्टर सत्यजीत कागद घेऊन मागच्या अंगणात आले. रंभा दोरीवरचे मोजे काढत होती. त्यांनी तिचा हात उलटा करून पाहिला. मग म्हणाले की त्या माणसाच्या रक्तात ती कावीळ आहे. पण घाबरू नका, तुमची पहिली सुई झाली आहे ना.

रंभाने हातातले मोजे टोपलीत ठेवले.

“नाय झाली,” ती म्हणाली. “मना कोनी सुई टोचलीच नाय.”

तिने सगळं सांगितलं.  डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. टोचल्याला सहा तास झाले होते. आज, आत्ता लस सुरू केली तर पुष्कळ आशा आहे. जोडीला एक दुसरं इंजेक्शन लागतं, ते आपण मुंबईतल्या मित्राकडून उद्या सकाळपर्यंत मागवू. पण लस आजच. उशीर झाला तर काय होतं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि रंभाने विचारलं नाही. तिने गुरुदत्तची अंथरूण-पांघरुणं स्वतःच्या हाताने धुतली होती. त्याच्या पोटाला आलेला तो ताणलेला, चकाकता फुगवटा तिला स्वच्छ आठवला.

लस शशिकला सिस्टरच्या फ्रिजमध्ये होती. अख्खी बाटली, न उघडलेली. सिस्टर म्हणाली की सेक्रेटरींच्या सहीशिवाय फ्रिजला हात लावायचा नाही असा लेखी हुकूम आहे. म्हणून तिघं ऑफिसात गेली, आणि मागोमाग गणूही गेला, कुणी बोलावलं नसताना.

कमलाकररावांनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. त्यांनी आधी रंभाच्या हाताची विचारपूस केली. मग यादी काढली, नावापुढची खूण दाखवली. पहिली लस झालेली आहे, दुसरी आठ दिवसांनी आहे, आणि तेव्हा सगळ्यांबरोबर ती मिळेलच. सुई टोचल्याच्या भीतीने माणसाला काय काय आठवतं, असं ते डॉक्टरांना इंग्रजीत म्हणाले. रंभाला इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्याबद्दल काय बोललं जातंय हे कळायला भाषा लागत नाही.

डॉक्टर म्हणाले की रंभाबाई खोटं बोलत नाहीत. कमलाकरराव म्हणाले की मग मी खोटं बोलतो का, यादी खोटी, साप्ताहिक खोटं, कारखान्याला पाठवलेला अहवाल खोटा? आणि वर एकीसाठी दहाजणांची बाटली उघडायची? नऊ डोस गटारात ओतायचे? उद्या कारखान्याने विचारलं तर काय सांगायचं? दुसऱ्याच्या देणगीची अशी नासाडी आपल्या मनाला पटत नाही, असं त्यांनी अगदी दुःखाने सांगितलं. सून आली तेव्हा हे मन कुठल्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं कोण जाणे.

रंभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अकरा वर्षं या खोलीत तिने चहा आणला होता आणि फरशी पुसली होती. इथे बोलायची सवयच नव्हती. तिचं गप्प राहणं बघून कमलाकररावांना जोर आला. ते खुर्चीवरून उठले, मागचा फोटो खिळ्यावरून काढला आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवला. समजुतीच्या स्वरात म्हणाले, “रंभाबाई, बघ. ही तूच ना? ही सुई तुझ्याच दंडात ना? सगळ्या पनवेलने पाहिलंय. आता नाही म्हणून कसं चालेल?”

रंभाने बघितलं. दहा-बारा दिवस ती ही काच रोज पुसत होती, पण फोटोत बघायची ते स्वतःचं तोंड. मणी नीट दिसतात का, डोळे मिटलेत का, एवढंच. सुईकडे बघायचं कारणच पडलं नव्हतं. आता पहिल्यांदा तिने तोंड सोडून दंड बघितला. मग तिने फोटो उचलून खिडकीकडे तिरका धरला. मोजा गालाजवळ धरून भोक शोधताना तिची मान जशी एका बाजूला कलते तशी कललेली. 

“डॉक्टर,” ती म्हणाली, “सुईचा टोपन काडल्याबिगर सुई टोचते काय?”

डॉक्टर झुकले. गणू झुकला. फोटोत सिस्टरच्या हातातल्या सिरिंजला पुढे उघडी सुई नव्हतीच. सुईवर चढवलेलं प्लास्टिकचं निळं टोपण होतं, आणि ते टोपण रंभाच्या दंडावर टेकवलेलं. साप्ताहिकातल्या काळ्या ठिपक्यांत ते कुणाला दिसणं शक्य नव्हतं. कमलाकररावांनी फोटो मोठा करून घेतला, रंगीत करून घेतला, आणि स्वतःच्या डोक्यामागे टांगला, म्हणून ते दिसलं. फ्रेमही चांगल्यातली.

कमलाकरराव म्हणाले की ते फोटोपुरतं असेल, नंतर टोचली असेल. हे बोलताना त्यांनी पहिल्यांदाच सिस्टरकडे बघितलं. खोलीत सगळ्यांनीच तिच्याकडे बघितलं. शशिकला सिस्टरच्या घरी आजारी नवरा होता आणि ही नोकरी होती. तिने टेबलाची कड नखाने खरवडली.

“नंतर नाही टोचली,” ती शेवटी म्हणाली. “फ्लॅश लागत नव्हता, तुम्ही म्हणालात नुसतं धरून ठेवा. मग ती गाडीवर गेली. तिचा डोस मी अरुंधतीताईंना दिला. खूण तुमच्या सांगण्यावरून केली.”

आता रंभाचं तोंड सुटलं. ती ओरडली नाही. ओरडायला लागणारी ताकदही तिने अकरा वर्षांत रस्त्यावर खर्च केली होती.

“साएब, गुरुदत्त मेला तवा तुमी बोललात तो दारू प्यायचा. मी इथंच हुबी होते, ट्रे घेऊन. तो माझ्यासारकाच फाटका मोजा घालून मेला. तवा मी गप र्‍हायले, ती माझी चूक. आता नाय र्‍हानार. बाटली उघडली की वाया घालवायची नाय, हा तुमचाच नियम ना? मना मान्य हाय. दहा मानसं पायजेत ना? नऊ मी आनते. तुमी फकत सही करा.”

कमलाकररावांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी फोटो टेबलावरून उचलून काखेत मारला आणि शांतपणे विचारलं की हा कारखान्याला परत दाखवून आणायचा का. कमलाकररावांनी पेनचं झाकण उघडलं.

साडेपाच वाजले होते. सिस्टर सहाला फ्रिज उघडते म्हणाली. रंभाने हिशेब केला तो माणसांचा. स्वतः एक, गणू दोन. गाडीवरचा दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर तीन. रक्ताच्या चादरी धुणारा परीट चार, त्याची बायको पाच. लॅबमध्ये काचेच्या नळ्या विसळणारी बाई सहा. मुडदे उचलायला ज्याला बोलावतात तो म्हातारा सात. हितेश क्रेनवाला आठ, तो हायवेच्या टपरीवर सापडला. पंचनाम्याला नेहमी येणारे हवालदार नऊ, ते आधी मोठ्याने हसले आणि मग तिचा चेहरा बघून मुकाट मोटरसायकलवर बसले. रंभा आणि गणू सोडले तर यांतल्या एकाही माणसाला आजवर कुणी या काविळीबद्दल अक्षर सांगितलं नव्हतं. सगळे मात्र दुसऱ्याच्या रक्तात कोपरापर्यंत.

दहावा काशिराम. तो संडासाच्या मागे जाऊन बसला होता आणि बाहेर यायला तयार नव्हता. आणीबाणीत त्याच्या थोरल्या भावाला ताप उतरवायची सुई म्हणून नेलं होतं आणि नसबंदी करून पाठवलं होतं. तेव्हापासून फुकटच्या सुईवर त्याचा विश्वास नव्हता. गणू त्याला ओढायला लागला, तर रंभाने गणूला बाजूला केलं. काशिरामची भीती खोटी नव्हती, आणि ज्यांनी ती घातली त्यांच्यातला एकही आज त्याला समजावायला आला नसता. ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली आणि तळहात पुढे केला. मधोमध लाल ठिपका होता.

“मना आज ही लागली. उद्या तुझी पाळी हाय. पयली सुई मी घेते, तुझ्या डोळ्यांसमोर. मना काय झाला तर तू नको घेऊ.”

काशिराम तिच्या हाताकडे बघत राहिला. मग उठला, हात धुतले आणि तिच्या मागे चालू लागला, चार पावलं अंतर ठेवून.

सहा वाजता कॅज्युअल्टीच्या बाकावर दहाजण बसले. कुणी हार आणला नव्हता. कमलाकरराव घरी गेले होते. डॉक्टर सत्यजीतांनी यादी नव्याने लिहिली, आणि जुन्या यादीवर आडवी रेघ मारून खाली सही केली. सिस्टरने रबरी बूच पुसलं, डोस भरला. तिचे डोळे ओले होते, पण हात नेहमीसारखेच स्थिर होते. ती रंभासमोर आली, आणि काही न बोलता तिने टोपण काढून सुई तिच्या डोळ्यांसमोर धरली. रंभाने मान हलवली. बाही वर केली.

तेवढ्यात फोन वाजला.

वॉर्डबॉयने उचलला आणि तिथूनच सांगितलं, तळोज्याच्या रस्त्यावर जीपचा अपघात, तीन माणसं. गणू ताडकन उठला. पाय सवयीने दाराकडे वळले. काशिराम उठला, दुसरा ड्रायव्हर उठला. रंभाच्या अंगातही तीच कळ उठली. अकरा वर्षांची कळ, सांगून थोडीच थांबते. तिने डाव्या हाताने गणूच्या शर्टाचं टोक धरलं आणि त्याला खाली बसवलं.

“सांग तेला, दोन मिन्टांत निघतो,” ती वॉर्डबॉयला म्हणाली. “गाडीवरच्यांना आधी टोचा, सिस्टर. आज सुई घुसल्याबिगर गाडीवरचा कोन उठनार नाय.”

सिस्टरने टोचली. रंभा नजर न हलवता सुईकडे बघत होती. आत गेली, दट्टा खाली गेला, बाहेर आली. रक्ताचा एक थेंब वर आला, तिचा स्वतःचा. मग गणू, मग काशिराम, त्याने डोळे घट्ट मिटले होते. दोन मिनिटं सांगितली होती, पण तीन लागली.

दंडावर कापूस दाबून ती गाडीकडे निघाली. दोरीजवळून जाताना तिने ‘गाडी’ची पुरचुंडी उचलली, तिथेच खाली टाकली, आणि थिएटरच्या टोपलीतले तीन धडके जोड काढून घेतले. मागून सिस्टरने पाहिलं. पाहून ती पुढचा डोस भरायला वळली. गणूने गाडी सुरू केली होती. रंभाने एक जोड त्याच्या मांडीवर टाकला, एक काशिरामला दिला. तिसऱ्यातला एक मोजा फुगवून तिने सवयीने गालाजवळ धरला. हवा लागली नाही.